डॉ. हॅल्स्टेड आणि परिचारिकेचे हात

शस्त्रक्रियागृहांत उभ्या असलेल्या वैद्याचें चित्र डोळ्यांपुढें आणलें कीं, तोंडावरील फडकें, अंगावरील झगा आणि हातांतील रबरी मोजे ह्या तीन वस्तु आपणांस प्रथम दिसतात. ह्यांपैकीं हातमोजे हे रुग्णाच्या रक्षणासाठींच योजिले गेले असतील असें कोणासहि वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. एका तरुण परिचारिकेच्या हातांची कातडी वारंवार धुण्यानें व तीव्र औषधांनीं सोलून निघूं लागली, तिला आराम पडावा म्हणून अमेरिकेंतील एका रुग्णालयांत ते प्रथम वापरांत आले. रुग्णाचें कल्याण त्यांतून पुढें झालें, आणि तें ध्यानांत यावयासहि कांहीं वर्षें जावीं लागलीं. हा उपाय योजणारे गृहस्थ म्हणजे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करण्याचें योजिलें आहे. थोर पुरुषांचीं चरित्रें बहुधा नुसतीं गोड करून सांगण्यांत येतात. ह्या पुरुषाचें तसें करतां येत नाहीं, आणि करूंहि नये.

हॅल्स्टेड ह्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरीं २३ सप्टेंबर १८५२ रोजीं झाला. वडील कापडाचे मोठे व्यापारी. घरीं संपत्तीला तोटा नव्हता. प्रथम घरींच शिक्षक ठेवून, मग वसतिगृहाच्या शाळांत घालून विल्यमला शिकविण्यांत आलें, आणि १८७० सालीं तो येल येथील महाविद्यालयांत दाखल झाला. तेथें त्यानें नांव मिळविलें तें विद्येंत नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर. संघाचा तो नायक होता. अभ्यासांत मात्र त्याची गणना सामान्यांतच होई. हें वाचून आमच्या कांहीं क्रीडापटु मित्रांस धीर येईल. पण त्यांनीं पुढील मजकूरहि वाचावा. शेवटच्या वर्षीं शरीररचना व इंद्रियविज्ञान ह्या विषयांवरील दोन ग्रंथ त्यानें विकत घेतले, आणि त्या ग्रंथांनीं त्याला जें वेड लावलें तें जन्मभर सुटलें नाहीं. १८७४ सालीं न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचें नांव दाखल झालें आणि १८७७ सालीं पहिल्या प्रतीच्या विद्यार्थ्यांत गणना होऊन तो पदवीधर झाला.

रुग्णालयांत काम करूं लागतांच त्यांनीं रुग्णाचा ताप, नाडी व श्वास हीं एकाच तक्त्यावर रेषांनीं दाखविण्याची रीत पाडली. आज कोणत्याहि रुग्णाची अशी नोंद ठेवली जाते, तिच्या आरंभकर्त्यांत ह्यांचें नांव घेतात. पुढें दोन वर्षें ते युरोपांत राहिले. व्हिएन्ना येथें बिलरोथ व जर्मनींत फोल्कमान ह्यांच्यासारख्या त्या काळच्या श्रेष्ठ शस्त्रवैद्यांचें काम त्यांनीं जवळून पाहिलें, आणि १८८० सालीं ते स्वदेशीं परतले.

ह्या ठिकाणीं तत्कालीन शस्त्रक्रियेची स्थिति सांगितल्यावांचून पुढचें नीट उमजणार नाहीं. व्हिएन्ना येथेंच १८४७ सालीं सेमेलव्हाइस नांवाच्या तरुण वैद्यानें बाळंतिणींच्या दालनांत जाण्यापूर्वीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला होता. एप्रिल महिन्यांत तेथें शंभर बाळंतिणींत अठरा दगावत होत्या, त्या जून महिन्यांत दोनांवर आल्या. परंतु वैद्याचेच हात मृत्यु वाहून नेतात, हें ऐकून घेण्यास त्या काळचे वैद्य राजी नव्हते; सेमेलव्हाइस उपेक्षित स्थितींत १८६५ सालीं वारला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८६७ सालीं, लिस्टर ह्यांनीं कार्बोलिक ॲसिडानें जखमेंतील जंतूंचा नाश करण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. तरीहि हॅल्स्टेड परत आले तेव्हां न्यूयॉर्कचे बरेच शस्त्रवैद्य तिची टर उडवीत. बेलव्ह्यू रुग्णालयाच्या सामान्य शस्त्रक्रियागृहांत स्वच्छता पाळणें अशक्य आहे असें पाहून हॅल्स्टेड ह्यांनीं रुग्णालयाच्या बागेंत स्वतंत्र तंबू उभारला. लांकडी तक्तपोशी, गॅसचे दिवे, गरम पाणी अशी त्यांत सोय होती, आणि त्यास सुमारें १०,००० डॉलर खर्च आला असें सांगतात.

त्या वर्षांत त्यांच्या धाडसाला सीमा नव्हती. १८८१ सालीं बहीण बाळंत झाली असतां अति रक्तस्राव होऊन मरणाच्या दारीं पोहोंचली. तेव्हां ह्यांनीं आपल्याच शिरेंतील रक्त पिचकारीनें काढून तिच्या शिरेंत घातलें. रक्ताचे निरनिराळे गट असतात हें अद्याप कोणास ठाऊक नव्हतें. दैवयोगानेंच बहीण वांचली म्हणावयाचें. पुढल्या वर्षीं आईच्या पित्ताशयांत खडे होऊन ती अत्यवस्थ झाली असतां रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांतील टेबलावर निजवून ह्यांनीं तिच्यावर शस्त्रक्रिया केली व सात खडे काढले. आईच्या शरीरावर शस्त्र चालवितांना मुलाचा हात कांपला नसेल काय, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनांत येतोच.

आतां काळोखाची बाजू. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कोलर ह्यांनीं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करतां येतो असा शोध लाविला. ही वार्ता कळतांच हॅल्स्टेड व त्यांचे सहकारी कामाला लागले, आणि मज्जातंतूजवळ कोकेन टोंचलें असतां त्या तंतूच्या ताब्यांतील सर्व भाग बधिर होतो असें त्यांनीं दाखवून दिलें. आज दांत काढतांना हिरडी बधिर करतात, ती रीत ह्याच प्रयोगांतून निघाली आहे. पण प्रयोग त्यांनीं केले ते स्वतःच्या अंगावर! कोकेनची चटक कशी लागते ह्याची त्या वेळीं कोणास कल्पना नव्हती. पाहतां पाहतां हा तेजस्वी वैद्य त्या विषाचा गुलाम झाला. त्या प्रयोगांतील आणखी कांहीं सहकाऱ्यांचेंहि असेंच झालें. न्यूयॉर्कमधील भरभराटीचा धंदा बुडाला. प्रॉव्हिडन्स येथील रुग्णालयांत त्यांना दोनदां जाऊन राहावें लागलें. तेथील उपचार असे कीं, कोकेन सोडविण्यासाठीं मॉर्फीन देत. त्यामुळें एका बेडीच्या जागीं दुसरी पडली. ही दुसरी बेडी ते जन्मभर गुप्तपणें वागवीत राहिले. त्यांचे सहकारी ऑस्लर ह्यांनीं ह्याविषयीं लिहून मोहोरबंद ठेविलेली हकीकत १९६९ सालीं उघडण्यांत आली, तेव्हां जगाला ती समजली.

ह्या संकटांत एका मित्रानें त्यांचा हात सोडला नाहीं. डॉ. विल्यम वेल्च हे बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स ह्या नव्या संस्थेच्या उभारणींत गुंतले होते. त्यांनीं हॅल्स्टेड ह्यांना आपल्या घरीं आणून ठेविलें व आपल्या प्रयोगशाळेंत काम दिलें. तेथें आंतड्याला टांका कोणत्या थरांतून घातला असतां तो पक्का बसतो, हें त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून ठरविलें. ७ मे १८८९ रोजीं जॉन्स हॉप्किन्स रुग्णालय उघडलें आणि शस्त्रक्रियेचा विभाग त्यांच्या हातीं आला. पूर्वींचा धडाडीचा, घाईचा हॅल्स्टेड आतां उरला नव्हता. हे नवे हॅल्स्टेड अबोल, संथ आणि विलक्षण काळजीपूर्वक काम करणारे होते. मांस चिरडूं नये, प्रत्येक शिर बांधून रक्त थांबवावें, बारीक रेशमानें हलक्या हातानें टांके घालावे, घाई करूं नये, असा त्यांचा कटाक्ष. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनीं जी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली, ती आवश्यकतेपेक्षां फार अधिक कापणारी होती असें पुढें ठरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती मागें पडली. परंतु जिवंत मांसाला हळुवारपणें हाताळण्याचा त्यांचा धडा अजून कोणी मोडीत काढलेला नाहीं.

ह्याच रुग्णालयांत १८८९ सालीं कॅरोलाईन हॅम्प्टन ह्या परिचारिका म्हणून आल्या. दक्षिण कॅरोलायना प्रांतांतील एका मोठ्या जमीनदार घराण्यांत १८६१ सालीं त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील यादवी युद्ध पेटलें. बाळपणींच आई क्षयानें गेली, वडील लढाईंत पडले, राहतें घर १८६५ सालीं जळालें. मावश्या-आत्यांच्या पंखाखालीं मुलगी वाढली. थोर घराण्यांतील मुलीनें रुग्णांची सेवा पत्करावी हें घरच्यांना रुचलें नाहीं, तरी त्या न्यूयॉर्कला जाऊन परिचारिकेचें शिक्षण घेऊन आल्या. हॅल्स्टेड ह्यांनीं त्यांना शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका नेमिलें.

त्या शस्त्रक्रियागृहांत हात धुण्याची पद्धति ऐकली तर अंगावर शहारे येतात. प्रथम साबण व ब्रश ह्यांनीं हात कोपरापर्यंत घासावयाचे. मग ते पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यांत बुडवावयाचे. पटकीच्या सांथींत आपल्याकडे विहिरींत टाकीत असत तेंच हें जांभळें औषध. त्यानें हात तपकिरी होत. तो डाग घालविण्यासाठीं ऊन ऑक्झॅलिक ॲसिडांत हात घालावयाचे, आणि सरतेशेवटीं मर्क्युरिक क्लोराइड ह्या पाऱ्याच्या विषारी लवणाच्या पाण्यांत ते भिजवावयाचे. हें एकदां नव्हे, प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळीं. १८८९–९० च्या हिवाळ्यांत कॅरोलाईनबाईंच्या हातांना व बाहूंना दाह सुरू झाला. कातडी लाल होऊन सोलूं लागली. दुसरें कोणी असतें तर त्या परिचारिकेस दुसऱ्या कामावर पाठवून मोकळें झालें असतें. हॅल्स्टेड ह्यांनीं तसें केलें नाहीं. ही बाई कामांत अतिशय हुशार आहे, तिला गमावणें परवडणार नाहीं असें त्यांना वाटलें; (आणखीहि कांहीं वाटत असावें, तें पुढें उघड झालें). न्यूयॉर्कला गेले असतां त्यांनीं गुडइयर रबर कंपनीस पातळ रबराचे, मनगटाच्या वर चढणारे दोन जोड हातमोजे नमुन्यादाखल करावयास सांगितलें. ते इतके पसंत पडले कीं लगेच आणखी मागविण्यांत आले. ४ जून १८९० रोजीं हॅल्स्टेड व कॅरोलाईनबाई ह्यांचा विवाह झाला, आणि बाईंनीं परिचारिकेचें काम सोडलें. मोजे मात्र शस्त्रक्रियागृहांतच राहिले.

कॅरोलाईनबाईंच्या कातडीला नेमकें काय झालें होतें, हें आज पुष्कळ समजलें आहे, म्हणून तें येथें सांगणें उचित होईल. आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो. चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असून, भिंतींतील विटांमध्यें चुना भरावा तशी त्यांच्यामध्यें स्निग्ध द्रव्यें भरलेलीं असतात. तळहातावर हें आवरण जाड, पण हाताच्या पाठीवर केसाहूनहि पातळ. एवढ्याशा ह्या भिंतीनें शरीरांतील पाणी आंत अडून राहतें व जंतु बाहेर अडतात. साबण मळ काढतो तो स्निग्धता विरघळवूनच, आणि मळाची स्निग्धता कोणती व कातडीची कोणती हा भेद त्याला कळत नाहीं. शिवाय कातडी स्वभावतः किंचित् आम्ल असते, साबण त्याच्या उलट क्षारधर्मी. एकदां हात धुतल्यानें गेलेली स्निग्धता कांहीं तासांत भरून येते. पण ती भरून येण्यापूर्वींच पुन्हां धुतलें, पुन्हां पुन्हां धुतलें, तर विटांमधला चुना झडत जातो. आंतील ओलावा उडून जातो, पेशी वाळून आकसतात, चिरा पडतात. खालच्या जिवंत पेशींना हा धोका कळतो. त्या दाहाचे रासायनिक संदेश सोडतात, रक्त तिकडे धांवतें, कातडी लाल होते व खाजते. नव्या पेशी घाईघाईनें तयार होऊन अपक्व स्थितींतच वर येतात आणि त्यांची भिंत आणखीच कच्ची बनते. एरवीं खालची पेशी वर येऊन गळून पडावयास सुमारें चार आठवडे लागतात. त्या क्रमाचा सगळा विस्कोट होतो. थंडीच्या दिवसांत भांडीं घासून व कपडे धुऊन ज्या घरांतील बायकांच्या बोटांना चिरा पडतात, त्या घरच्या मुलांना हें अधिक वर्णन करून सांगावयास नको.

यांतील खरी मेख अशी आहे कीं, फाटलेल्या कातडीवर जंतु अधिक टिकतात. चिरांमध्यें ते दडून बसतात, आणि असा हात धुतांना आग होते म्हणून माणूस तो धुण्याचें टाळूं लागतो. ज्या धुण्यानें रुग्णाचें रक्षण व्हावयाचें, तेंच अति झालें व धुणाऱ्याच्या कातडीची काळजी कोणी वाहिली नाहीं, तर रुग्णाच्या जिवावर येतें. हॅल्स्टेड ह्यांनीं पेशींविषयींचें हें ज्ञान नसतांनाहि परिचारिकेच्या तक्रारीस किरकोळ मानलें नाहीं, ह्याचें मोल आमच्या मतें त्यांच्या कित्येक शस्त्रक्रियांहून अधिक आहे.

गंमत अशी कीं, हातमोज्यांचा मोठा उपयोग खुद्द हॅल्स्टेड ह्यांच्याहि नजरेंत प्रथम आला नाहीं. पुढें हत्यारें देणाऱ्या व सुयांत दोरा ओंवणाऱ्या सहायकांना मोजे मिळाले. शस्त्र चालविणारा स्वतः मात्र ते क्वचित्, सांधा उघडून पाहण्याच्या वेळींच, घाली. मोजे घालून सरावलेले सहायक पुढें स्वतः शस्त्र चालवूं लागले तेव्हां त्यांना ते काढवेनात. त्यांच्यापैकीं जोसेफ ब्लडगुड ह्यांनीं १८९६ च्या सुमारास प्रत्येक शस्त्रक्रियेंत मोजे घालण्यास सुरुवात केली, आणि १८९९ सालीं अंतर्गळाच्या साडेचारशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून, मोज्यांमुळें जखमा चिघळण्याचें प्रमाण किती खालीं आलें तें दाखविलें. इतकीं वर्षें हें आपणांस कसें दिसलें नाहीं, ह्याचें हॅल्स्टेड ह्यांनींच १९१३ सालच्या आपल्या लेखांत आश्चर्य व्यक्त केलें आहे.

मोजे आले म्हणून हात धुणें सुटलें, असें मात्र झालें नाहीं. मोज्याला न दिसणारें छिद्र असूं शकतें. म्हणून मोजे काढल्यावरहि हात स्वच्छ करावे लागतात. रबराच्या मोज्यांत हात घामेजून कातडी मऊ पडते, कांहीं जणांना रबरांतील द्रव्याचें वावडें असतें. मोजे सहज चढावे म्हणून आंत घालीत तें पीठ श्वासावाटे जाऊन अपाय होई, म्हणून अमेरिकेंत २०१७ सालीं पिठाच्या मोज्यांस बंदी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तर साबणाऐवजीं ग्लिसरीन मिसळलेल्या अल्कोहोलच्या द्रावणानें ते चोळावे असें सांगितलें आहे. अल्कोहोल चिरांना झोंबतें, त्यामुळें परिचारिकांना तेंच अधिक घातक वाटतें. वास्तविक साबणापाण्यापेक्षां तें कातडीला सौम्य पडतें, आणि झोंबणें ही कातडी आधींच फाटल्याची खूण असते. मात्र कांहीं जंतूंचीं बीजें अल्कोहोलनें मरत नाहींत, तेथें साबणच हवा. कढत पाणी टाळावें, हात खसखसून न पुसतां टिपून कोरडे करावे, ओल्या हातांवर मोजे चढवूं नयेत, काम संपल्यावर स्निग्ध मलम लावावें, हे नियम आतां परिचारिकांच्या शिक्षणांत आले आहेत. २०२० सालच्या कोविडच्या सांथींत जगभरच्या रुग्णालयांतील परिचारिकांचे हात फुटले, तेव्हां ते किती आवश्यक आहेत हें पुन्हां दिसून आलें. ज्यांच्या घरीं आई किंवा ताई परिचारिका आहे, त्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलेंच असेल.

हॅल्स्टेड ह्यांचें उर्वरित आयुष्य बाल्टिमोर येथें गेलें. १८९२ सालीं ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. पदवी मिळाल्यावर तरुण वैद्यानें अनेक वर्षें रुग्णालयांतच राहून, क्रमाक्रमानें वाढती जबाबदारी घेत शस्त्रक्रिया शिकावी, ही पद्धति त्यांनीं अमेरिकेंत रुजविली. तींतून मेंदूवरील शस्त्रक्रियेचे आद्य पुरुष हार्वे कुशिंग ह्यांसारखे शिष्य बाहेर पडले. स्वभावानें ते एकलकोंडे. पोशाखाच्या बाबतींत इतके काटेकोर कीं, सदरे धुण्यासाठीं समुद्रापलीकडे पॅरिसला पाठवीत असें सांगतात. उत्तर कॅरोलायनांतील डोंगरांत पतिपत्नींनीं हाय हॅम्प्टन नांवाची जागा घेतली होती. उन्हाळ्यांत ते तेथें डेलियाचीं फुलें लावीत, आणि बाई शेती व घोडे पाहत. मूलबाळ त्यांना झालें नाहीं.

ज्या विकाराचे खडे त्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं आईच्या पित्ताशयांतून काढले होते, तोच शेवटीं त्यांच्या वांट्यास आला. १९१९ सालीं एक शस्त्रक्रिया झाली. १९२२ सालीं पुन्हां करावी लागली, ती त्यांच्याच शिष्यांनीं, त्यांच्याच रुग्णालयांत, हातमोजे घालून केली. तिच्यानंतरच्या उपद्रवांतून ते उठले नाहींत. ७ सप्टेंबर १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कॅरोलाईनबाईहि फुप्फुसाच्या दाहानें वारल्या.